खाते क्रमांक, आयएफएससी आणि खातेदाराचे नाव : ऑनलाइन बिलवाटपाच्या प्रणालीत बँक खात्याची नोंद कशी ठेवावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी छोट्या संस्थांना सॉफ्टवेअर करून देतो. आमच्या भागातील एका दूध संस्थेचे सुमारे चौदाशे उत्पादक सभासद आहेत आणि त्यांचे बिल दर दहा दिवसांनी थेट बँक खात्यावर जमा होते. संकलनाच्या नोंदी, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) यांनुसार दर, कपाती हे सर्व माझ्या प्रणालीत होते. शेवटी ती एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढते आणि संस्थेचे सचिव ती बँकेच्या संकेतस्थळावर चढवतात. खात्यांचा तक्ता मी तीन वर्षांपूर्वी घाईत केला. त्यात सभासद क्रमांक, बँकेचे नाव, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) आणि खाते क्रमांक एवढेच रकाने आहेत आणि खाते क्रमांकाचा रकाना पूर्णांक प्रकाराचा आहे.

गेल्या महिन्यात दोन प्रकार घडले. सचिवांनी फाइल चढवण्यापूर्वी एक्सेलमध्ये उघडली. खाते क्रमांकाच्या जागी त्यांना १.२३ई+१५ असे काहीतरी दिसले, म्हणून त्यांनी रकान्याचा प्रकार बदलून आकडे पूर्ण दिसतील असे केले आणि फाइल जतन केली. त्यात सोळा अंकी खात्यांचा शेवटचा अंक शून्य झाला. एका सभासदाच्या पासबुकावर शेवटी ७ आहे आणि फाइलमध्ये ० गेला. ते पैसे परत आले, त्यामुळे निभावले.

दुसरा प्रकार अधिक त्रासाचा आहे. एका सभासदाने खाते बदलले, आम्ही जुन्या नोंदीवरच नवा क्रमांक लिहिला, आणि नंतर तो विचारू लागला की जूनमधले बिल कोणत्या खात्यावर गेले. आमच्या अहवालात जूनच्या बिलासमोरही नवाच क्रमांक दिसत होता. बँकेकडून उतारा मागवेपर्यंत आम्हाला त्याला उत्तर देता आले नाही.

आता सर्व मुळापासून करण्याचे ठरवले आहे. खात्याचा तपशील कोणत्या स्वरूपात साठवावा, काय तपासावे आणि काय तपासू नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

अर्धविराम

खाते क्रमांक ही संख्या नाही. आपण त्याची बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही, लहान-मोठे ठरवत नाही. गट क्रमांक किंवा पिनकोड यांच्यासारखी ती अंकांनी लिहिलेली एक खूण आहे, म्हणून तिचा रकाना मजकूर प्रकाराचाच हवा. पूर्णांकात साठवताच सुरुवातीची शून्ये जातात आणि ती पुन्हा मिळवता येत नाहीत, कारण शून्ये किती होती हे मूल्य स्वतः सांगत नाही. पूर्ण मार्गावर जिथे जिथे क्रमांकाला संख्या होण्याची संधी मिळते, तिथे तो बिघडतो. एक्सेल पंधरा सार्थ अंकांपर्यंतच अचूक राहते, म्हणून आपल्या सोळा अंकी खात्याचा शेवटचा ७ शून्य झाला. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या संख्येपलीकडे पूर्णांकांची खात्री राहत नाही, त्यामुळे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात क्रमांक पाठवताना तो अवतरण चिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणूनच, गेला पाहिजे.

लांबीचा नियम करू नये. स्टेट बँकेचा क्रमांक अकरा अंकी असतो, आयसीआयसीआयचा बारा, एचडीएफसीचा चौदा, ॲक्सिसचा पंधरा, पंजाब नॅशनल बँकेचा सोळा. सर्व बँकांना लागू होईल अशी एक लांबी आपल्या देशात नाही आणि सर्वांना समान असा तपासणी अंकही (बाकीच्या अंकांवरून गणिताने निघणारा, चूक पकडणारा अंक) नाही. ज्या बँकांची लांबी खात्रीने ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ती फक्त सूचना म्हणून वापरावी. ‘या बँकेचे क्रमांक सहसा इतके अंकी असतात, कृपया पुन्हा पाहावे’ असे सांगून नोंद होऊ द्यावी. रकाना चौतीस अक्षरांचा ठेवला तर पुढे अडचण येत नाही.

एक बारीक गोष्ट मराठी वापरकर्त्यांसाठी मुद्दाम सांगतो. आपला लिपिक मराठी कळफलकावर काम करत असेल तर तो खाते क्रमांक देवनागरी अंकांत टाइप करतो. पायथन ३ किंवा डॉटनेटमध्ये ‘कोणताही अंक’ असा साचा लिहिला की त्यात देवनागरी अंकही बसतात, म्हणजे आपली तपासणी निमूटपणे पार होते आणि बँकेची प्रणाली मात्र ती ओळ नाकारते. जावास्क्रिप्टमध्ये तोच साचा फक्त रोमन अंक घेतो, म्हणून पडद्यावर एक निकाल आणि सर्व्हरवर दुसरा, असा घोळ होतो. नोंद घेतानाच देवनागरी अंकांचे रोमन अंक करावेत, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढाव्यात, पण लिपिकाने मूळ काय टाइप केले होते तेही वेगळ्या रकान्यात राहू द्यावे. वाद होतो तेव्हा त्या मूळ रकान्याचाच उपयोग होतो.

पाणवठा

आमच्या पतसंस्थेच्या प्रणालीत आम्ही सुरुवातीची सर्व शून्ये काढून साठवतो, म्हणजे एकच खाते दोन प्रकारे नोंदले जात नाही. गेली काही वर्षे अडचण आलेली नाही. प्रश्नकर्त्यांनीही तसेच केल्यास दुबार नोंदींचा प्रश्न सुटेल.

खातेवही

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शेवटची काही वर्षे माझ्याकडे एनईएफटी आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींतील परत आलेल्या व्यवहारांचेच काम होते, त्यामुळे हा विषय माझ्या परिचयाचा आहे.

पाणवठा यांची पद्धत त्यांच्या खातेदारांच्या बँकांमध्ये चालत असेल, पण ती सर्वांसाठी सांगता येणार नाही. स्टेट बँकेच्या उताऱ्यावर क्रमांक सतरा अंकी छापलेला दिसतो. त्यातील पहिली सहा शून्ये केवळ जागा भरण्यासाठी असतात आणि खरा क्रमांक पुढचा अकरा अंकी. तिथे शून्ये काढली तर काहीच बिघडत नाही. आयसीआयसीआयच्या बारा अंकी क्रमांकाचे पहिले चार अंक मात्र शाखा दाखवतात आणि जुन्या शाखांच्या क्रमांकांत तिथे सुरुवातीला शून्ये असतात. ती क्रमांकाचाच भाग आहेत. म्हणजे शून्य ठेवायचे की काढायचे, हे त्या बँकेच्या रिवाजाने ठरते. रिवाज ठाऊक नसेल तर पासबुकावर किंवा चेकवर जे छापले आहे तेच जसेच्या तसे ठेवावे. दुबार नोंद शोधण्यासाठी शून्ये काढलेली दुसरी प्रत तुलनेपुरती ठेवता येते, पण बँकेला पाठवायला ती वापरू नये.

आयएफएससीबद्दलही थोडे लिहितो. तो अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य, आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी लोक सर्रास इंग्रजी ‘ओ’ लिहितात. बँक ऑफ बडोदासारख्या बँकेत शाखेचा भागही अक्षरांत असल्यामुळे तो ‘ओ’ नजरेला खटकतही नाही. या एका जागी प्रणालीने स्वतः ‘ओ’चे शून्य करावे, कारण तिथे दुसरे काही असूच शकत नाही. शेवटच्या सहा अक्षरांत मात्र असा हस्तक्षेप करू नये.

पहिल्या चार अक्षरांवरून बँकेचे नाव काढून दाखवण्याचा मोह टाळावा, आणि दूध संस्थेच्या बाबतीत तर नक्कीच टाळावा. अनेक लहान नागरी सहकारी बँका देयक प्रणालीच्या थेट सभासद नाहीत, त्या एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने उपसभासद म्हणून काम करतात आणि त्यांच्या शाखांचे आयएफएससी त्या मोठ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतात. सभासदाचे खाते गावातल्या नागरी बँकेत आणि आपल्या पावतीवर मुंबईच्या खासगी बँकेचे नाव, असे झाले की तो माणूस दुसऱ्या दिवशी पावती घेऊन संस्थेच्या दारात उभा राहतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. बँकेचे आणि शाखेचे नाव रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्ध यादीतून घ्यावे आणि ती यादी ठरावीक काळाने नव्याने उतरवावी.

आयएफएससी कायमचाही नसतो. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. सिंडिकेट कॅनरात गेली, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत. त्याआधी, १ एप्रिल २०१९ रोजी, देना आणि विजया बडोद्यात गेल्या होत्या. जुने कोड काही काळ चालू ठेवले गेले आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाले. सिंडिकेटचे कोड ३० जून २०२१ पर्यंतच चालले. त्या दिवसांत परतीच्या याद्या पाहताना एक गोष्ट लक्षात आली की पैसे पाठवणाऱ्या संस्थांकडे कोड कोणत्या तारखेला नोंदवला हेच लिहिलेले नसे, त्यामुळे कोणते कोड तपासायला हवेत हे त्यांना कळतच नसे.

शेवटी नावाविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहे. एनईएफटीमध्ये लाभार्थीचे नाव लिहावे लागते म्हणून लोकांना वाटते की बँक ते जुळवून पाहते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच स्पष्ट केले होते की रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा केली जाऊ शकते आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. क्रमांकात एक अंक चुकला आणि त्या चुकीच्या क्रमांकाचे खाते खरोखर अस्तित्वात असले, तर पैसे तिथे जातात. प्रश्नकर्त्यांचे पैसे परत आले, कारण शेवटी ० असलेले खाते त्या बँकेत नव्हते.

पाणवठा

खातेवही, आभारी आहे. आमचे बहुतेक खातेदार एकाच राष्ट्रीयीकृत बँकेचे आहेत, म्हणून आमचे निभावले असावे. मूळ क्रमांक आम्ही कुठेच ठेवलेला नाही हे वाचून आता थोडी धास्ती वाटते आहे.

ताळेबंद

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. वरच्या दोघांनी क्रमांकाच्या स्वरूपाबद्दल लिहिले आहे. प्रश्नकर्त्यांचा दुसरा प्रकार मात्र काळाशी संबंधित आहे आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे.

खात्याची नोंद कधीही बदलू नये. सभासदाने खाते बदलले की जुन्या नोंदीवर ‘या तारखेपर्यंत’ असा शेरा घालून ती बंद करावी आणि नवी नोंद नव्या ओळक्रमांकाने सुरू करावी. बिल वाटताना प्रत्येक देयकाच्या ओळीत त्या क्षणीचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव यांची प्रत उतरवून ठेवावी. खात्याच्या तक्त्याकडे केवळ बोट दाखवून भागत नाही. प्रोग्रामर मंडळींना ही द्विरुक्ती वाटते आणि ती काढून टाकण्याची त्यांना घाई असते. मला ती द्विरुक्ती वाटत नाही. पाकिटावर लिहिलेला पत्ता आणि पत्त्यांच्या वहीतला पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वही सुधारली म्हणून टपालात पडलेल्या पाकिटावरचा पत्ता बदलत नाही. त्याच ओळीत बँकेकडून आलेला संदर्भ क्रमांकही ठेवावा आणि तोही मजकूर म्हणूनच, कारण एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा, आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा असतो आणि त्यांत अक्षरे व अंक मिसळलेले असतात. आयएमपीएसचा (तत्काळ पैसे पाठवण्याच्या पद्धतीचा) संदर्भ बारा अंकी असतो.

खाते बदलण्याची विनंती एकाने नोंदवावी आणि दुसऱ्याने पासबुकाची प्रत पाहून मंजूर करावी. लहान संस्थेत माणसे कमी असतात हे मला माहीत आहे, पण मी पाहिलेल्या एका संस्थेत एकाच लिपिकाने वाटपाच्या आदल्या दिवशी तीन सभासदांचे क्रमांक बदलले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत केले. तक्त्यात काहीच खूण उरली नव्हती. ते उघडकीस आले ते एका सभासदाच्या मुलाने बँकेचा उतारा आणल्यामुळे.

‘एका खात्याला एकच सभासद’ अशी अट मात्र घालू नका. नवरा-बायको दोघेही सभासद असतात आणि दोघांचे बिल एकाच संयुक्त खात्यावर जाते, हे अगदी नेहमीचे आहे. दुबार क्रमांक दिसला तर विचारणा करावी, अडवू नये.

दुबईकर

मी इथे एका कंपनीच्या पगारवाटपाचे काम पाहतो, त्यामुळे थोडी भर घालतो. इथले प्रत्येक खाते आयबॅन या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाच्या स्वरूपात लिहिले जाते. संयुक्त अरब अमिरातींचा आयबॅन तेवीस अक्षरांचा असतो. त्यात देशाची दोन अक्षरे, दोन तपासणी अंक, तीन अंक बँकेचे आणि सोळा खात्याचे. पूर्ण ओळीला ९७ ने भागून ठरलेली बाकी आली नाही तर क्रमांक चुकला, हे बँकेला न विचारताच कळते. टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटे झाले तरी ते तिथेच पकडले जाते. भारतात आयबॅन नाही, म्हणून ती सोय आपल्याला नाही. तिची जागा क्रमांक दोनदा टाइप करून घेण्याने थोडीफार भरून निघते. पण दुसऱ्या चौकटीत कॉपी करून चिकटवण्याची मुभा ठेवली तर लोक पहिल्याच चौकटीतून उचलतात आणि मग दोन चौकटी असून नसल्यासारख्या होतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाकीट आणि वहीचा दाखला सचिवांना सांगितला, त्यांना एका वाक्यात पटले. अजून तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत. पहिली, खाते खरोखर त्याच माणसाचे आहे याची पडताळणी कशी करावी? दुसरी, पडद्यावर क्रमांक झाकून दाखवावा असे सांगतात, तो किती झाकावा? तिसरी, काही सभासद म्हणतात की सरकारचे पैसे येतात त्याच खात्यावर आमचेही टाका, आणि काही तरुण सभासद केवळ यूपीआय पत्ता देतात. त्यांचे काय करावे?

अर्धविराम

पडताळणीची रूढ पद्धत म्हणजे त्या खात्यावर एक रुपया आयएमपीएसने पाठवून परत येणाऱ्या उत्तरातील खातेदाराचे नाव पाहणे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय द्यायची होती, तीही ग्राहकाकडून शुल्क न घेता. चौदाशे खात्यांसाठी आपल्या बँकेकडे ही सोय कशी वापरता येईल ते विचारून घ्यावे.

बँकेने दिलेले नाव वेगळ्या रकान्यात, तारखेसह, जसेच्या तसे ठेवावे आणि सभासदाच्या नावावर ते लिहू नये. नावे यंत्राने अक्षरशः जुळवण्याच्या फंदातही पडू नये. बँकेत ‘पाटील ज्ञानदेव रामचंद्र’ आणि आपल्याकडे ‘ज्ञानदेव रामचंद्र पाटील’ असते. शिवाय इंग्रजीत ज्ञानदेवचे ‘डी’ने सुरू होणारे स्पेलिंगही चालते आणि ‘जी’ने सुरू होणारेही. लग्नानंतर बदललेली नावे तर विचारूच नका. यंत्राने ‘जुळते’, ‘पाहावे लागेल’ आणि ‘जुळत नाही’ असे तीन गठ्ठे करावेत आणि मधला गठ्ठा माणसाने पाहावा.

झाकण्याबद्दल सांगायचे तर शेवटचे चार अंक दाखवण्याची रीत आहे, पण लहान सहकारी बँकेचा क्रमांक पाच-सहा अंकीच असेल तर शेवटचे चार दाखवणे म्हणजे जवळजवळ सगळाच दाखवणे झाले. अशा ठिकाणी दोनच दाखवावेत आणि सोबत शाखेचे नाव द्यावे. डेटाबेसमध्ये पूर्ण क्रमांक कूटबद्ध करून ठेवावा. शोधासाठी हॅश (क्रमांकावरून गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण) ठेवायचा असल्यास तो गुप्त किल्लीसह करावा, कारण अकरा अंकांच्या सर्व शक्यता मिळून दहा हजार कोटी होतात आणि साधा हॅश असेल तर आजचे सामान्य ग्राफिक्स कार्ड त्या काही मिनिटांत चाळून काढते. लॉग फाइलमध्ये पूर्ण क्रमांक पडत नाही ना, हेही एकदा पाहावे. बहुतेक ठिकाणी तो तिथेच सापडतो.

खातेवही

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. पीएम-किसान किंवा लाडकी बहीण योजनेचे पैसे आधार क्रमांकावरून जातात. त्या माणसाच्या आधारशी शेवटी जे खाते जोडले गेले, त्यावर ते जमा होतात. सभासदाला ते कोणते हे अनेकदा स्वतःलाच ठाऊक नसते, विशेषतः योजनेच्या निमित्ताने घाईत दुसरे खाते उघडले असेल तर. म्हणून ‘सरकारी पैशांचे खाते’ असा तोंडी तपशील घेऊ नये, पासबुक समोर ठेवूनच नोंद करावी. यूपीआय पत्त्याचेही तसेच आहे. पत्ता तोच राहून त्यामागचे खाते सभासदाला हवे तेव्हा बदलता येते. तो घ्यायचाच असेल तर वेगळ्या प्रकारची नोंद म्हणून घ्यावा, खाते क्रमांकाच्या रकान्यात घालू नये.

आणि पासबुक हाताने लिहिलेले असेल तर एक सावधगिरी बाळगावी. जुने लिपिक देवनागरी अंक लिहितात आणि घाईत लिहिलेला देवनागरी एक हुबेहूब इंग्रजी नऊसारखा दिसतो. माझ्या टेबलावर आलेल्या परतींत असे क्रमांक मी स्वतः पाहिले आहेत. अशा पासबुकाची प्रत घेऊ नये, सभासदाला शाखेतून छापील उतारा आणायला सांगावे.

कृष्णाकाठ

आजच दप्तरातील हस्तलिखित पासबुकांच्या प्रती वेगळ्या काढल्या. एकूण त्रेसष्ट निघाल्या. त्यांतील दोन क्रमांक आम्ही ९ ने सुरू होणारे म्हणून नोंदवले आहेत आणि त्याच शाखेचे बाकी सर्व क्रमांक १ ने सुरू होतात. या दोघांची बिले गेल्या दोन वाटपांपासून परत येत होती आणि आम्ही खाते बंद असल्याचे समजून त्यांना रोखीने पैसे देत होतो. उद्या दोघांनाही उतारा घेऊन बोलावले आहे.